भूमध्य हवामानातल्या जंगलांवर काम करायचंय? सुरुवात मोजपट्टीपासून करा

पोर्तुगालच्या दक्षिणेला आलेंतेजू नावाचा प्रांत आहे. तिथल्या बुचाच्या ओकांच्या रानात पहिल्यांदा शिरले, तेव्हा खोडाखोडावर पांढऱ्या रंगात ठळक '७' लिहिलेला दिसला. मला वाटलं प्लॉटचा नंबर असणार. तसं वहीत लिहूनही टाकलं. दुपारी सावलीत डबा उघडल्यावर साल काढणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला विचारलं, तर तो आधी हसला आणि मग बोटं मोजत समजावून सांगायला लागला. ७ म्हणजे २०१७. त्या वर्षी साल काढली, त्याचा शेवटचा आकडा. कायद्याने मधे ९ वर्षं जावी लागतात, म्हणजे पुढची साल २०२६ मध्ये. बाटल्यांना लागणारं जगातलं जवळजवळ निम्मं बूच, म्हणजे हीच साल, एकटा पोर्तुगाल पिकवतो, आणि त्याचं वेळापत्रक असं झाडाच्या अंगावर लिहिलेलं असतं.

हा लेख दापोली-अकोल्याला वनशास्त्र शिकणाऱ्या, किंवा वनस्पतिशास्त्र, भूगोल, पर्यावरण यांत एम.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. या क्षेत्रात आपली मुलं अजून कमी आहेत, आणि जी विचारतात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, स्कॉलरशिप कुठे मिळेल?" ते सांगतेच, पण सातव्या पायरीवर. आधीच्या सहा गाळून तिथे उडी मारलेले अर्ज कसे दिसतात ते मी पाहिलंय. माझाही पहिला अर्ज तसलाच होता.

पायरी १ : ऋतू उलटे करून घ्या

'भूमध्य' म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो. संशोधनात मात्र हा हवामानाचा प्रकार आहे आणि तो जगात पाच ठिकाणी आहे: भूमध्य समुद्राभोवतीचे देश, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचा केप भाग आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण किनारा. बहुतेक सगळे खंडांच्या पश्चिम कडेला, साधारण ३० ते ४० अंश अक्षांशांच्या आसपास. पृथ्वीच्या जमिनीचा हा जेमतेम २ टक्के भाग, पण जगातल्या वनस्पतींच्या सुमारे २० टक्के जाती इथे आहेत.

पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. वाचायला सोपं आहे, अंगवळणी पडायला अवघड. लिस्बनला वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैतला एखादा जोरदार आठवडा तेवढं पाणी ओतून जातो. पण खरा फरक आकड्यात नाही, वेळेत आहे. आपल्याकडे ऊन आणि पाऊस यांची गाठ जूनमध्ये पडते आणि रान एकदम उसळतं. तिथे ऊब असते तेव्हा पाणी नसतं आणि पाणी असतं तेव्हा थंडी. मग साग जसा पानं टाकून मोकळा होतो तसं न करता तिथला ओक लहान, जाड, चामड्यासारखी पानं धरून बसतो आणि भर दुपारी पर्णरंध्रं मिटून घेतो. झाडं बऱ्याचदा वसंतात एकदा आणि शरदात परत एकदा अशी दोन हप्त्यांत वाढतात. त्यामुळे खोडात कधीकधी एकाच वर्षात खोटं वलय पडतं आणि वलयं मोजून वय सांगणारा नवखा फसतो.

एक कामाची गोष्ट करा. कागदावर बारा महिन्यांचे रकाने आखा. पहिल्या ओळीत तुमच्या गावाचा पाऊस, पानगळ, वणवा. दुसऱ्या ओळीत लिस्बन किंवा बार्सिलोना. तिसऱ्या ओळीत केप टाउन किंवा पर्थ, जिथे हेच सगळं सहा महिने पुढे सरकतं आणि आगीचा हंगाम डिसेंबर ते मार्च असतो. हा तक्ता माझ्या भिंतीवर वर्षभर होता.

झुडपी रानाची नावंही पाठ करा, कारण 'भूमध्य जंगल' एवढंच शोधलंत तर अर्धे शोधनिबंध हाती लागणार नाहीत. फ्रान्समध्ये माकी आणि गारिग, कॅलिफोर्नियात चॅपरल, चिलीत मातोराल, केपमध्ये फिनबॉस, पश्चिम ऑस्ट्रेलियात क्वाँगन. आणि आपला एक गोंधळ आधीच मिटवून टाका. पुण्याच्या रस्त्यांवर ज्याच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो तो आपला बूच वेगळा, त्याचं या ओकाशी काही नातं नाही. आणि ओक म्हणाल तर सह्याद्रीत ते फक्त आडनाव आहे, झाड नाही.

पायरी २ : देश नंतर, प्रश्न आधी

"मला स्पेनला जायचंय" हा प्रश्न नव्हे. पाच प्रदेश एकमेकांपासून हजारो मैल दूर, झाडांची कुळं वेगळी, हवामान मात्र एकच. निसर्गाने मांडलेला प्रयोगच आहे हा, आणि सहकार्याची गरज तिथूनच निघते. एकट्या देशाला उत्तर मिळत नाही.

आगीचंच घ्या. जून २०१७ मध्ये पोर्तुगालच्या पेद्रोगाव ग्रांद भागात ६६ माणसं गेली, त्यातली बरीच गाडीतून पळताना रस्त्यावर. जुलै २०१८ मध्ये ग्रीसच्या माती गावात शंभरावर. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या पॅरडाइजमध्ये ८५. फेब्रुवारी २०२४ मध्ये चिलीत व्हिन्या देल मारच्या परिसरात १३० हून जास्त. हवामान तापतंय हे आहेच, पण दक्षिण युरोपात आणखी एक कारण आहे आणि कोकणातल्या माणसाला ते न सांगता कळेल: गावं ओस पडली. शेळ्या गेल्या, चूल गेली, सरपण कुणी वेचेना, पायऱ्यापायऱ्यांची शेतं झुडपांनी भरली. पूर्वी शेत, कुरण, राई असे तुकडे होते, आग एका तुकड्यात लागून दुसऱ्यात विझायची. आता डोंगरभर सलग जळण आहे. कुलूपबंद घरांच्या वाडीत आंब्याच्या बागेपर्यंत वणवा कसा येतो हे ज्याने पाहिलंय, त्याला हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही.

आता तुलना बघा. फिनबॉसला आग लागतेच, कितीतरी जातींचं बी आगीशिवाय रुजतच नाही. आलेप्पो पाइनची बरीचशी शंकू-फळं आगीच्या धगीने उघडतात. पण मध्य चिलीत विजा क्वचितच पडतात, तिथल्या मूळ झाडोऱ्याला आगीची तशी सवय नाही. हवामान तेच, आगीशी नातं वेगळं. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९६१ साली ड्वेलिंगअप हे लाकूडतोड्यांचं गाव जळून गेलं. जीवितहानी झाली नाही, पण चौकशी झाली आणि त्यानंतर थंड दिवसांत मुद्दाम हलकी आग लावून जळण कमी करण्याचं काम तिथे पद्धतशीर वाढलं. युरोपात तोच मुद्दा २००६ ते २०१० या काळात 'फायर पॅराडॉक्स' नावाच्या बहुराष्ट्रीय प्रकल्पाने हाती घेतला, त्याचं समन्वयन लिस्बनहून झालं. आपल्याकडे भाताच्या रोपवाटिकेवर राब भाजतात, वनखातं पावसाळ्यानंतर जाळरेषा काढतं. हे वाक्य अर्जात लिहा. नुसतं 'आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट नेचर' लिहिण्यापेक्षा शंभर पटीने चांगलं.

दुसरा प्रश्न मला स्वतःला जास्त आवडतो, तो म्हणजे झाडांची अदलाबदल. या पाच प्रदेशांनी दीडदोनशे वर्षं एकमेकांची झाडं नेऊन लावली. टास्मानिया आणि व्हिक्टोरियाची निलगिरी पोर्तुगालमध्ये आज ८ लाख हेक्टरांवर उभी आहे, तिथल्या कुठल्याही एका जातीपेक्षा जास्त. रेडिएटा पाइन मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या तीन लहान जागांचा आणि मेक्सिकोच्या दोन बेटांचा, आणि चिलीतल्या लाकूडधंद्याचा कणा तोच. भूमध्य समुद्राकाठचा पाइन केपमध्ये गेला आणि फिनबॉस गिळायला लागला. ऑस्ट्रेलियाच्या बाभळींनी केप आणि पोर्तुगाल दोन्हीकडे उच्छाद मांडला. दक्षिण आफ्रिकेने १९९५ पासून 'वर्किंग फॉर वॉटर' या योजनेत गावातल्या बेरोजगारांना मजुरी देऊन ही पाणीपिती झाडं तोडायला लावली. सामाजिक वनीकरणात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ कोकणात, गोव्यात तुम्ही पाहिलीच असेल. ती उष्ण कटिबंधातली बहीण आहे, पण प्रश्नाचं घराणं तेच.

बाकीचे विषय थोडक्यात. कीडरोगांमध्ये पाइनच्या लाकडातला सूत्रकृमी १९९९ मध्ये पोर्तुगालच्या सेतुबाल भागात सापडला, युरोपातली ती पहिली नोंद, आणि एका देशाची डोकेदुखी रातोरात सगळ्यांची झाली. दुष्काळावर काम करायचं तर फ्रान्समध्ये माँपेल्येजवळच्या प्वेशाबों इथलं रान पाहा. २००३ पासून तिथे ओकांखाली पन्हळी लावून पावसाचा काही हिस्सा बाहेर वळवतात आणि झाडं काय करतात ते बघत बसतात. इस्रायलमधलं यातीर हे साधारण २८० मिलिमीटर पावसावर उभं केलेलं पाइनचं लावलेलं जंगल. बूच, राळ, चिलगोज्यासारखं पाइनचं बी, अळंबी यांचं अर्थकारण हाही मोठा विषय आहे, पण त्याला भाषा आणि गावकऱ्यांत राहणं लागतं. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ३ : कोण कुठे बसतं ते बघा

संस्थांची नावं पाहून घाबरायला होतं. माझा हिशेब असा.

युरोपियन फॉरेस्ट इन्स्टिट्यूट ही १९९३ मध्ये स्थापन झाली, मुख्यालय फिनलंडमध्ये योएनसूला. तिचं भूमध्य प्रदेशाचं केंद्र २००७ पासून बार्सिलोनात आहे. नवख्याने सगळ्यात आधी ज्यांची बातमीपत्रं वाचावीत ते हे. सीहेआम ही भूमध्य देशांची शेती-शिक्षणाची आणि संशोधनाची संघटना १९६२ पासून आहे, १३ देश सदस्य आहेत आणि बारी, खानिया, माँपेल्ये, सारागोसा अशा चार ठिकाणी तिच्या संस्था चालतात. तिथले आठवड्या-दोन आठवड्यांचे कोर्स फार उपयोगी, कारण वर्गात ट्युनिशिया, तुर्कस्तान, लेबनॉन, इटली असे सगळे शेजारी बसतात आणि चहाच्या वेळी खरं सहकार्य ठरतं. अन्न व कृषी संघटनेखाली 'सिल्वा मेडिटेरेनिया' ही समिती १९४८ पासून आहे. ती सरकारांची आहे, तुमच्या पत्राला उत्तर देणार नाही. पण तिने २०१३ आणि २०१८ मध्ये भूमध्य जंगलांच्या स्थितीवर काढलेले अहवाल हे या विषयाचं बाळबोध पुस्तक आहे, फुकट मिळतं. भूमध्य वन सप्ताहाची बैठक दोन-तीन वर्षांनी भरते. २०१७ ला मोरोक्कोत अगादीरला भरली तेव्हा २०३० पर्यंत ८० लाख हेक्टर उजाड रान पुन्हा उभं करायचा संकल्प झाला.

जागतिक पातळीवर इयुफ्रो, म्हणजे वनसंशोधन संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ, १८९२ चा, मुख्यालय व्हिएन्ना. आणि पाचही प्रदेशांतले परिसंस्थावाले एकत्र येतात ती मेडेकॉस परिषद, पहिली बैठक १९७१ मध्ये चिलीतल्या वाल्दिव्हियात झाली.

आपल्या बाजूला महाराष्ट्रासाठी भारतीय वनसंशोधन परिषदेची जबलपूरची संस्था जवळची. तिथल्या शास्त्रज्ञाची एक शिफारस युरोपात वजनदार ठरते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पायरी ४ : सारखं मोजायला शिका

इथे जरा थांबते, कारण सगळं सहकार्य याच दगडाला ठेचकाळतं.

आपण झाड छातीच्या उंचीला मोजतो. छाती कुणाची? भारतात ती १.३७ मीटर धरतात, साडेचार फुटांची जुनी इंग्रजी छाती. अमेरिकेतही तीच. युरोपात १.३० मीटर. मला दापोलीत सरांनी लावलेली सवय अशी की सदऱ्याचं दुसरं बटण म्हणजे १.३७. टेप न लावताही हात तिथेच जायचा. पहिल्या प्लॉटमध्ये मी बटणावर विसंबून ६२ झाडं मोजली आणि संध्याकाळी मार्गदर्शक बाईंनी सहज विचारलं, "कुठे धरलास टेप?" दुसऱ्या दिवशी पहाटे परत ६२ झाडं.

सात सेंटिमीटरने काय बिघडतं? हिशेब करा. समजा खोड दर मीटरला १ सेंटिमीटर निमुळतं होतंय. मग ७ सेंटिमीटर वर मोजलं की व्यास ०.७ मिलिमीटर कमी भरतो. साग असता तर सोडून दिलं असतं. पण तिथला ओक सुक्या वर्षात व्यासाने १ मिलिमीटर वाढला तरी नवल. म्हणजे तुमच्या बटणाने त्याची जवळजवळ वर्षाची वाढ खाल्ली, आणि दुष्काळाचा निष्कर्ष निघाला तो सदऱ्यामुळे.

दुसरी गोष्ट, आपण घेर मोजतो आणि ते व्यास लिहितात. व्यासाच्या रकान्यात घेर पडला की बुंध्याचं क्षेत्रफळ जवळजवळ १० पट होतं, कारण वर्तुळातल्या पाय (π) या स्थिरांकाचा वर्ग ९.८७. पण बुचाच्या ओकासाठी पोर्तुगालचा कायदाही घेरच बोलतो: १.३० मीटर उंचीवर घेर ७० सेंटिमीटर झाल्याशिवाय पहिली साल काढायची नाही. झाडाला तिथवर यायला साधारण २५ वर्षं लागतात. तेव्हा रकान्याच्या डोक्यावर 'घेर की व्यास, किती उंचीवर, सालीसकट की साल सोडून' हे तिन्ही लिहा. साल काढलेल्या वर्षी ओकाचा व्यास कमी होतो, झाड काही आजारी पडलेलं नसतं!

तिसरी स्वल्पविरामाची. पोर्तुगाल, स्पेन, इटली, फ्रान्स सगळीकडे साडेबारा म्हणजे १२,५. आणि १.२५० म्हणजे बऱ्याचदा बाराशे पन्नास. त्यांची फाइल आपल्या संगणकात उघडली की निम्मे आकडे अक्षरं बनून बसतात आणि सरासरी निमूटपणे उरलेल्यांची निघते, चूक दाखवत नाही. आलेली फाइल उघडण्याआधी साध्या मजकुराच्या खिडकीत डोळ्यांनी पाहा.

आगीच्या आकड्यांचंही तसंच. युरोपची वणवा माहिती यंत्रणा, एफिस, उपग्रहावरून जळीत क्षेत्र मोजते. तिच्या जुन्या नोंदींत साधारण ३० हेक्टरांच्या वरच्याच आगी आहेत. देशाचं वनखातं मात्र बांधावरची आगही मोजतं. दोन्ही आकडे खरे, पण शेजारी ठेवून वजाबाकी करायची नाही.

पायरी ५ : घरी बसून एक लहान काम पुरं करा

विमानाच्या तिकिटाआधी एक आठ-दहा पानांचं काम तयार असावं. लागणारा डेटा मोकळा आहे: एफिसचे नकाशे, अमेरिकेतली आंतरराष्ट्रीय वृक्षवलय बँक, जीबीआयएफ या जैवविविधतेच्या जागतिक नोंदसाठ्यातल्या वनस्पतींच्या नोंदी, सेंटिनेल उपग्रहाची चित्रं. एकच जात, एकच प्रश्न, दोन प्रदेश. उदाहरणार्थ, एका जळलेल्या डोंगराची हिरवाई पोर्तुगालमध्ये किती महिन्यांनी परतते आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या वणवा लागलेल्या गवताळ डोंगराची किती. उत्तर उघड आहे असं वाटेल (आपला पाऊस आला की पंधरा दिवसांत हिरवं), पण ते झाडांचं हिरवं की गवताचं, हे वेगळं काढायला गेलात की खरं संशोधन सुरू होतं. सगळे टप्पे आणि कोड मोकळेपणाने ठेवा. निष्कर्ष फसला तरी चालेल, काम पुरं झालेलं दिसलं पाहिजे.

पायरी ६ : पत्र

एका दिवसात चाळीस प्राध्यापकांना तेच पत्र पाठवू नका. त्यांच्यातले अर्धे एकमेकांचे वर्गमित्र आहेत, एकत्र जेवतात.

पत्र पंधरा ओळींचं. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण. मग त्यांचा कुठला शोधनिबंध वाचला आणि त्यातल्या कुठल्या आकृतीपाशी तुम्हाला शंका आली. मग पाचव्या पायरीवरच्या कामाचा दुवा. शेवटी एकच मागणी, आणि तीही लहान: वीस मिनिटं बोलता येईल का, तुमच्या प्लॉटची मोजणीपद्धत पाहायला मिळेल का. 'रिस्पेक्टेड सर' लिहिण्याआधी त्या सर आहेत की मॅडम हे पाहा, या क्षेत्रात बायका पुष्कळ आहेत. 'युवर काइंड सेल्फ', 'नीडफुल', 'हम्बल रिक्वेस्ट' हे सगळं आपल्या सरकारी अर्जांतलं सामान घरीच ठेवा. नम्रपणा प्रश्नाच्या नेमकेपणात दिसतो.

ऑगस्टमध्ये पत्र पाठवू नये. इटली, स्पेन, पोर्तुगाल त्या महिन्यात समुद्रावर असतात, आणि वणव्यावर काम करणारे असतात ते आगीवर. सप्टेंबरच्या मध्यात पाठवा, दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

पायरी ७ : पैसे

एम.एस्सी.साठी मेडफॉर हा भूमध्य वनव्यवस्थापनाचा दोन वर्षांचा, १२० क्रेडिटांचा संयुक्त अभ्यासक्रम आहे. लिस्बन समन्वय करतं, सोबत स्पेन, इटली, तुर्कस्तानमधली विद्यापीठं. किमान दोन देशांत शिकावं लागतं. युरोपियन महासंघाची इरास्मस मुंडुस शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला १,४०० युरो, आणि त्यातच प्रवास, व्हिसा, राहणं, जेवण. लिस्बनला घरभाडं चढं आहे, स्पेनमधल्या लेरिदा किंवा पालेन्सियासारख्या गावांत हेच पैसे पुरून उरतात. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. त्या-त्या वर्षी शिष्यवृत्तीच्या जागा आहेत का, ते अर्जाआधी पाहायचं.

पीएच.डी.ला मारी क्यूरी जाळी, म्हणजे युरोपियन महासंघाच्या पैशावर अनेक संस्थांनी मिळून चालवलेले संशोधन-प्रकल्प, सगळ्यात चांगली. ही शिष्यवृत्ती नसून नोकरी असते, कुठल्याही देशाच्या उमेदवाराला खुली. अट एवढीच की आधीच्या ३६ महिन्यांत त्या यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे लिस्बनला एम.एस्सी. करून लगेच लिस्बनलाच ही जागा बहुधा मिळत नाही. दुसरा देश डोक्यात ठेवूनच पहिला निवडा. वणव्यांवरच्या 'पायरोलाइफ' या जाळ्यात अशा १५ जागा होत्या. ऑस्ट्रेलियाशी काम करायचं तर २००६ पासूनचा भारत-ऑस्ट्रेलिया संयुक्त संशोधन निधी आहे, पण तो संस्थांना मिळतो, म्हणून त्यासाठी आपल्याकडचा मार्गदर्शक आधी हवा.

भाषेचा खर्चही यातच धरा. वर्गात इंग्रजी चालतं, रानात नाही. गोव्यातल्या मुलांचं बरं आहे, पणजीत पोर्तुगीज शिकायची सोय आहे. सहा महिन्यांची तोडकीमोडकी पोर्तुगीजसुद्धा पुरे. तो ७ मला इंग्रजीत कुणी समजावला नसता.

पायरी ८ : कागद आणि पिशव्या

पदवी, गुणपत्रक, जन्मदाखला यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरायला लागणारा शिक्का, करून घ्या. मंत्रालयातलं प्रमाणीकरण आणि परराष्ट्र खात्याचा शिक्का यांत महिना जातो, आणि काही देश वर अधिकृत भाषांतरही मागतात. निवड झाल्यावर सुरू केलंत तर धावपळ ठरलेली.

खरी चूक होते ती नमुन्यांत. सामानात चिमूटभर माती, चार बिया, वाळवलेली पानं टाकून नेऊ नका. भारतातली जैविक सामग्री संशोधनासाठी परदेशी न्यायची तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे अर्ज लागतो. सरकारमान्य संयुक्त प्रकल्प असेल तर वाट वेगळी, पण ती प्रकल्पाच्या मंजुरीपत्रात लिहिलेली हवी. तिकडून, युरोपच्या दारात, बाहेरच्या बहुतेक देशांची माती आणायला बंदीच आहे. संशोधनासाठी यजमान प्रयोगशाळेने आधी परवानगीपत्र काढावं लागतं आणि वनस्पती आरोग्य दाखला वेगळा. कटकट वाटली की तो १९९९ चा सूत्रकृमी आठवा. माझा सल्ला: पहिल्या दोन वर्षांत माल हलवूच नका, मोजमापं हलवा.

पायरी ९ : रानात

सकाळी साडेसहाला बाहेर, एकला परत. उन्हाळ्यात मार्सेच्या आजूबाजूच्या डोंगरांत जून ते सप्टेंबर रोजचा रंगीत नकाशा निघतो. लाल असेल त्या दिवशी रानात जायला बंदी, तुमचं वेळापत्रक काहीही असो. चार दिवसांच्या कामाला सात दिवस धरा.

हिवाळ्याच्या शेवटी पाइनच्या फांद्यांवर पांढरी रेशमी कोळिष्टकं दिसली तर खाली बसू नका. त्यातून सुरवंट एकामागे एक रांग धरून जमिनीवर उतरतात, दिसायला गमतीशीर, पण केस खाजकुइलीला लाजवतील असे. डोळ्यात गेले तर इस्पितळ. शरदात शिकारीचा हंगाम असतो, रानडुकराच्या मागे बंदुका घेऊन माणसं फिरतात. केशरी जाकीट घाला आणि कुठल्या वारी शिकार आहे ते आदल्या दिवशी गावातल्या कॅफेत विचारा.

साल काढायचं काम मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत चालतं, झाड वाढीला लागलेलं असतं तेव्हाच साल सुटते. कुऱ्हाडीच्या पात्याने उभी चीर देतात, पातं किंचित फिरवून कान देतात. सुटणार असेल तर पोकळ आवाज येतो. मग दांड्याचं पाचरीसारखं टोक आत सारून अख्खा पापुद्रा उचकटतात, आत खोड ओल्या गेरूच्या रंगाचं. एक वार खोल गेला तर त्या जागी पुढची साल नीट धरत नाही. त्या दिवशी मोजणी बंद ठेवून नुसतं पाहा.

पायरी १० : नावं आणि डेटा कुणाचा

हे पहिल्याच आठवड्यात एका पानावर लिहून घ्या, मैत्री झाल्यावर लिहिणं अवघड जातं. मूळ आकडे कुठे राहणार, किती वर्षांनी खुले होणार, तुमच्या प्लॉटवर दुसऱ्याने लिहिलं तर तुमचं नाव येणार का, आणि भारतातल्या मार्गदर्शकाचं काय. मी एका कामात हे लिहून घेतलं नव्हतं. दोन उन्हाळे मोजलेली झाडं शेवटी आभाराच्या एका ओळीत मावली. कुणी फसवलं असं नाही, कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

त्याच पानावर मोजणीचा तपशील जोडा: उंची १.३०, व्यास, सालीसकट, मिलिमीटरपर्यंत, दशांशाला टिंब, तारीख वर्ष-महिना-दिवस. खाली सगळ्यांच्या सह्या. आणि बुचाचं रान असेल तर एक रकाना जास्तीचा ठेवा, खोडावरच्या पांढऱ्या आकड्याचा.